धर्माजी घरतांचे उभे शिपाई

भाईंदरला आमच्या जेसल पार्कमधल्या सोसायटीत दिवाळीचा किल्ला मुलं बांधत नाहीत. परीक्षा, क्लास आणि फोन यांतून त्यांना वेळ मिळत नाही. किल्ला बांधतात धर्माजी घरत. आता सत्तरीला आले आहेत. आपल्या मुर्धा गावच्या खाडीचा काळा चिखल ते तांदळाच्या गोणीत भरतात आणि रिक्षात पायाशी ठेवून आणतात. रिक्षावाले कुरकुरतात. "चाचा, गाडी में बदबू बैठ जाती है," असं एकदा एक जण माझ्यासमोरच म्हणाला. धर्माजींनी शांतपणे भाडं दिलं आणि सांगितलं, "बदबू न्हाय रे बाबा, खाडी हाय ती. आमी हिच्यातच वाढलो."

ते खरंच होतं. घरतांची मुर्ध्याला थोडी भातशेती होती आणि मिठागरात वाटा होता. धर्माजी लहानपणी वडिलांबरोबर मिठागरात राबले. मिठागरं मोडली तसे ते भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर लागले. पॉलिशची काळी पूड त्यांच्या नखांत कायमची बसली आहे. पत्नी पुष्पलता सुकी मासळी विकायच्या. एकुलता मुलगा सुयोग शिकला, कॉम्प्युटर इंजिनियर झाला. आमच्या सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट त्यानेच घेतला आणि आईवडिलांना मुर्ध्याहून इकडे आणलं. नंतर कंपनीने त्याला अमेरिकेत पाठवलं. चार्ल्स्टन नावाचं समुद्रकाठचं शहर. तिकडून तो फोन करायचा तेव्हा आधी विचारायचा, "बाबा, या वर्षी किल्ला कंचा?"

या किल्ल्यावरूनच सुयोगने एकदा वडिलांना एक गोष्ट सांगितली होती. धर्माजींनी ती मला इतक्या वेळा ऐकवली आहे की मी ती झोपेतही सांगेन.

सुयोगच्या शहरासमोर एक वाळूचं बेट आहे. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध नुकतंच पेटलं होतं, तेव्हा तिथल्या लोकांनी या बेटावर घाईघाईने किल्ला बांधायला घेतला. दगड नव्हता. मग ताडाच्या जातीच्या एका झाडाचे बुंधे रचून दुहेरी भिंत केली आणि मधे वाळू भरली. किल्ला अर्धाच झाला होता, तेवढ्यात इंग्रजांचं आरमार येऊन ठेपलं. दिवसभर तोफा चालल्या. पण तो बुंधा बाशिंगाच्या भेंडासारखा मऊ, पोकळसर. गोळा भिंतीत घुसून तिथेच रुतायचा, भिंत फुटायची नाही. इंग्रजांची काही जहाजं वाळूत अडकली, त्यातलं एक तर त्यांनी स्वतःच पेटवून दिलं. संध्याकाळ उलटल्यावर आरमार मागे फिरलं.

इंग्रजांचा बेत मात्र नुसता तोफांचा नव्हता. शेजारच्या बेटावर त्यांनी आधीच पायदळ उतरवलं होतं. दोन बेटांच्या मधे एक चिंचोळी खाडी. ओहोटीला तिथे ढोपराएवढंही पाणी नसतं अशी खबर होती. ओहोटी आली की शिपाई चालत पलीकडे जाणार आणि किल्ल्यावर मागून तुटून पडणार. प्रत्यक्षात काठावर जाऊन बघितलं तर ओहोटीलाही पुरुष बुडेल एवढं पाणी. होड्यांतून जाऊन बघितलं, तेही जमलं नाही. पलीकडून गोळ्या येत होत्या. हजारोंचं पायदळ काठावर उभं राहिलं आणि समोर आपल्या जहाजांची दशा बघत राहिलं.

सुयोग सुट्टीच्या दिवशी त्या खाडीच्या पुलावर जायचा आणि व्हिडिओ कॉल लावायचा. खाली पाणी वेगाने वाहत असायचं. "बाबा, बघा, ही तीच. दिसाला आपल्या मुर्ध्याच्या खाडीसारखी, पन ओढ लय हाय. या दिवाळीला हाच किल्ला करा."

धर्माजी म्हणायचे, "गोऱ्यांचा किल्ला? लोक मना सोसायटीतून बाहेर काढतील."

"मग तुमी हिकडं या. दोघं मिळून वाळूत करू."

धर्माजी आणि पुष्पलताबाई जाणारही होते. २०२० च्या फेब्रुवारीची तिकिटं सुयोगने काढली होती. पुष्पलताबाईंनी सुके बोंबील, पापड, तांदळाचं पीठ असं सगळं बांधून ठेवलं होतं. माझ्या बायकोने, मनोरमाने, त्यांना स्वेटर दिला. पण मधे शिमगा आला.

मुर्ध्यात होळीचं झाड उभं करताना पहिला हात घरतांचा लागतो. घरातल्या थोरल्याने हात लावायचा आणि मग गावाने झाड उचलायचं. हा मान धर्माजींच्या पणजोबांपासून चालत आला आहे. पुष्पलताबाई म्हणाल्या, "या वर्षी महिपत लावंल हात. पोरगा वाट बघतंय." महिपत म्हणजे धर्माजींचा पुतण्या. धर्माजी म्हणाले, "थोरला जिता असताना पुतण्या हात लावंल? शिमगा झाला की जाऊ. विमान काय पळून जातं?" सुयोगनेही समजून घेतलं. तो गावचाच मुलगा. त्याने तिकिटं पुढे ढकलली.

शिमगा झाला. धर्माजींनी झाडाला हात लावला. मग पंधरवडा उलटायच्या आत सगळ्या जगाची विमानं बंद झाली.

त्या जुलैत सुयोग आजारी पडला. तो आणि निहार नावाचा एक मित्र असे दोघेच एका घरात राहत होते. पहिले काही दिवस तो स्वतः बोलला. मग निहार फोन करू लागला. इथे सकाळ असायची तेव्हा तिकडे रात्र. आम्हाला वरच्या मजल्यावर कळायचं, कारण फोन आला की पुष्पलताबाईंच्या घरातला भांड्यांचा आवाज थांबायचा. एका सकाळी तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही. मनोरमा मास्क लावून खाली धावली. दार उघडंच होतं. धर्माजी फोन हातात धरून उभे होते आणि पुष्पलताबाई सिंकसमोर खाली बसल्या होत्या.

सुयोगचे अंत्यसंस्कार त्यांनी फोनवर पाहिले. निहारने केले. वर्षभराने तो भारतात आला तेव्हा अस्थी घेऊन आला. मुर्ध्याच्या खाडीत त्या सोडल्या. सगळे परतायला निघाले तेव्हा पुष्पलताबाई म्हणाल्या, "तुमी जा. मी हितंच राहीन." त्या मुर्ध्याच्या जुन्या घरात राहिल्या. भांडण झालं नाही. धर्माजींना त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. महिपतच्या हातून डबा पाठवायच्या, सणावाराला धुतलेले कपडे पाठवायच्या. स्वतः मात्र या फ्लॅटच्या पायऱ्या चढल्या नाहीत. आणि धर्माजीही त्यानंतर शिमग्याला गावात गेले नाहीत. झाडाला महिपत हात लावू लागला.

गेल्या दिवाळीच्या आधी धर्माजी माझ्याकडे आले. मी सोसायटीचा खजिनदार आहे आणि किल्ल्याची जागा, पाण्याच्या टाकीशेजारचा कोपरा, माझ्याकडून मागून घ्यायची पद्धत त्यांनीच पाडली आहे.

"रेगेसाहेब, या वर्षी सुयोगवाला करतो."

मला क्षणभर कळलं नाही. मग म्हणालो, "करा. बिनधास्त करा."

"तिला सांगाल? मी सांगला तर येनार न्हाय."

यासाठी होतं ते सगळं. त्यांना पुष्पलताबाईंनी एकदा येऊन तो किल्ला बघायला हवा होता. इतकंच.

काम आठ-दहा दिवस चाललं. चिखलाचं बेट केलं. भिंतीच्या बुंध्यांसाठी बाशिंगं करणाऱ्याकडून भेंडाच्या कांड्या आणल्या. कारण भेंडही तसंच, टाचणी टोचली तर आत रुतते. त्या कांड्या त्यांनी एकेक करून चहाच्या पाण्यात रंगवल्या. मधल्या खाडीसाठी प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर वाळू आणि वर पाणी. बाजारातले मावळे इथे चालणार नव्हते म्हणून शिपाई स्वतः मळले, बोटाएवढे, आणि त्यांना लाल अंगरखे रंगवले. ते सगळे त्यांनी खाडीच्या अलीकडच्या काठावर ओळीने उभे केले. त्यांच्या पायाशी, नेहमीप्रमाणे, अळीव पेरले.

सेक्रेटरी हरिश्चंद्र परब खाली उतरले. निवृत्त फौजदार, आवाज अजून ड्युटीवरचा. दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांनी पाहणी केली.

"घरत, महाराज कुठे आहेत?"

"महाराज यात न्हाय."

"किल्ला आहे आणि महाराज नाहीत?"

"परबसाहेब, यात हल्ला करनारे हरतात. महाराजांना हितं कुठं उभा करू?"

परबांनी शेजारी एक पाट मांडायला लावला, त्यावर महाराजांची मूर्ती ठेवली, हार घातला आणि "आता ठीक" म्हणून निघून गेले. धर्माजीही खूश झाले. रोज किल्ल्याआधी ते पाटापुढे उदबत्ती लावायचे.

बी विंगमधल्या मिनलबेन येऊन बघून गेल्या. "अंकल, बहुत मस्त. पर ये सोल्जर लोग लड़ क्यों नहीं रहे? खाली खड़े हैं."

"पानी गहरा है, बेन."

"तो बोट रखो ना."

"बोट से भी नहीं हुआ."

"तो फिर घर जाने का," मिनलबेन हसून म्हणाल्या. धर्माजी हसले नाहीत. त्या गेल्यावर ते मला म्हणाले, "सगळे किल्ल्यातल्यांचं बघतात. झेंडा, तोफा. मना यांचं वाटतं. कोनी तरी सांगला, पानी ढोपरभर हाय. यांनी मानला. मग आख्खा दिवस काय करत असतील हितं? आवाज तर येतच असंल."

चमच्याने खाडीत पाणी भरत ते बराच वेळ बसले. प्लॅस्टिकला कुठे तरी बारीक भोक असावं, कारण रोज सकाळी पाणी उतरलेलं असायचं आणि ते रोज पुन्हा भरायचे.

धनत्रयोदशीला मी आणि मनोरमा फराळ घेऊन मुर्ध्याला गेलो. पुष्पलताबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मनोरमाने विषय काढला.

"किल्ला बघाला मी काय पोर हाय?" त्या म्हणाल्या. सुपातली बोटं थांबली नाहीत.

"या वेळचा वेगळा आहे हो. सुयोगने सांगितलेला."

आता बोटं थांबली. "तो वाळूचा? बेटावरचा?"

"तोच."

"सुयोग किती वेळा सांगत होता. तवा केला न्हाय. तवा म्हनायचे, लोक काय म्हनतील." त्यांनी पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. थोड्या वेळाने विचारलं, "गुडघा दुखतंय का त्यांचा? खाली बसून काम करतात, मग उठता येत न्हाय." मनोरमाने सांगितलं की दुखतो. पुष्पलताबाई आत जाऊन तेलाची बाटली घेऊन आल्या आणि तिच्या हातात दिली. "माझं नाव सांगू नका. दुकानातून आनला म्हना."

दिवाळीचे सगळे दिवस धर्माजी संध्याकाळी स्वच्छ शर्ट घालून किल्ल्यापाशी खुर्ची टाकून बसत. गेटमधून रिक्षा आत आली की मान वर करीत. पाडवा गेला, भाऊबीज गेली. लोकांचे कंदील उतरले. किल्ला तुळशीच्या लग्नाला मोडायचा, ही त्यांची रीत. त्या दिवशी सकाळी त्यांनी खाडीत पाणी भरलं नाही. मोडायचंच आहे तर कशाला, असं त्यांना वाटलं असेल.

दुपारी अडीच-तीनच्या सुमारास गेटपाशी रिक्षा थांबली आणि पुष्पलताबाई उतरल्या. सोबत महिपत. मी गॅलरीतून पाहिलं आणि चपला घालून खाली गेलो. जायला नको होतं कदाचित, पण गेलो.

धर्माजी हातात खुरपं घेऊन उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे न बघता किल्ल्याला एक फेरी घातली. भिंतीच्या भेंडाला बोट लावून पाहिलं. मग खाडीच्या काठाशी वाकल्या. दोन आठवड्यांत अळीव भराभर वाढले होते. शिपायांच्या छातीपर्यंत हिरवं आलं होतं, काहींची नुसती डोकी दिसत होती. आणि समोरची खाडी कोरडी पडली होती. तळाची वाळूही सुकून पांढरी झाली होती.

"हे कोन?"

"ज्यांना पार जावाला मिळाला न्हाय ते."

पुष्पलताबाई बघत राहिल्या. "आता तर पानी न्हाय."

धर्माजींनी खाली पाहिलं.

"पानी न्हाय, तरी उभेच?"

"कोनी सांगला न्हाय त्यांना," धर्माजी म्हणाले.

महिपतने तोंड दुसरीकडे फिरवलं. बाईंनी अळीव बाजूला सारले, एकेक शिपाई चिखलातून उपटून काढला आणि पदरात घेतला. वाळलेला लाल रंग त्यांच्या बोटांना लागला. सगळे काढून झाल्यावर त्यांनी पदराला गाठ मारली. वर फ्लॅटकडे एकदाच बघितलं. मनोरमा चहाला या म्हणून खिडकीतून बोलवत होती. त्या नको म्हणाल्या.

रिक्षात बसताना त्यांनी मागे वळून, मुर्ध्याला राहायला गेल्यापासून पहिल्यांदा, नवऱ्याकडे बघून सांगितलं. "शिमग्याला या. झाडाला हात तुमचाच लागला पायजे."

त्या हिवाळ्याइतकं हलकं मी धर्माजींना कधी पाहिलं नव्हतं. सकाळी जेसल पार्कच्या चौपाटीवर चालायला येऊ लागले. पांढरा सदरा शिवून घेतला. परबांनी विचारलं, "काय घरत, लग्न आहे का?" तर म्हणाले, "शिमगा हाय." मला म्हणाले, "तुमी बी चला. आमचं झाड कसं उभं राहतं बघा."

होळीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे रिक्षाने निघालो. उड्डाणपूल ओलांडून पश्चिमेला उतरलो, बाजार मागे पडला. पूर्वी जिथे मिठागरं होती तिथे नव्या इमारतींच्या क्रेन उभ्या होत्या. धर्माजी वाटभर बोलत होते. झाड कसं निवडतात, टोकाला काय काय बांधतात, कुठल्या वर्षी दोर तुटला. मुर्ध्याच्या तोंडाशी, मैदानाच्या अलीकडे, त्यांनी रिक्षा थांबवली. "हितून चालत जाऊ."

मैदान समोर होतं. मधे फक्त गावातला डांबरी रस्ता, त्यावर रंगीत पताका. झाड आडवं ठेवलं होतं, बुंध्याशी खड्डा खणलेला. पुरुष दोरांना लागले होते. एका बाजूला बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्यात पुढे पुष्पलताबाई, हिरव्या लुगड्यात. महिपत बुंध्यापाशी उभा होता, पण हात लावत नव्हता. रस्त्याकडे बघत होता. सगळं गाव थांबलं होतं.

धर्माजी रस्त्याच्या कडेला आले आणि थबकले.

मला वाटलं दम लागला. मी म्हणालो, "चला." त्यांनी मान हलवली आणि उभेच राहिले. महिपतने त्यांना पाहिलं. हात उंच करून ओरडला, "काका, या ना. खोळंबलोय."

पुष्पलताबाईही वळल्या. ताट हातात तसंच. दोघांची नजर भेटली असावी. मधे चार ढांगांचा रस्ता होता. धर्माजींनी एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. मग तळहात दाखवून महिपतला खूण केली, तू कर. त्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा तीच खूण. गावात कुणी तरी चिडून काही बोललं, दुसरा हसला. अखेर महिपतने झाडाला हात लावला. ढोल सुरू झाले, दोर ताणले गेले आणि झाड हळूहळू उभं राहिलं. पुष्पलताबाईंचे ओठ हलताना मला दिसले. काय म्हणाल्या ते ढोलांमुळे ऐकू येणं शक्य नव्हतं. धर्माजी झाडाच्या शेंड्याकडे बघत होते. होळी पेटली तरी ते तिथेच होते. नव्या सदऱ्यावर राख येऊन बसली, ती त्यांनी झटकली नाही.

"चला रेगेसाहेब," ते शेवटी म्हणाले.

रिक्षा मिळायला वेळ लागला. आत बसल्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते पुढे बघत राहिले. उड्डाणपूल चढताना म्हणाले, "तिनं बोलावला होता. रस्ता बी केवढा, तुमी बघितला."

"हो."

"मना वाटला, ढोपरभर असंल पानी."